कुत्रं चावलं, मांजरानं ओरबाडलं: पहिल्या पंधरा मिनिटांपासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत

आधी पाणी. जखम वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं धुवा, असं सगळीकडे सांगितलं जातं. पण सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. म्हणून आपल्याकडे ते असं करायचं: पिंपातलं किंवा टाकीतलं स्वच्छ पाणी बादलीत काढा, ज्याला चावलं त्याला मोरीत बसवा आणि दुसऱ्या कुणीतरी तांब्यानं जखमेवर सतत धार धरा. बादली-दीड बादली पाणी सहज लागतं. पाण्याची कितीही टंचाई असली तरी हे पाणी वाचवू नका.

साबण कोणताही चालतो. अंगाचा, कपड्यांचा, भांडी घासायचा, जो हाताशी असेल तो. रेबीजच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं. साबणानं ते फुटतं आणि विषाणू निकामी होतो. बोअरच्या जड पाण्यात फेस कमी येतो, तेव्हा दोन-दोन मिनिटांनी पुन्हा साबण लावा आणि पुन्हा धार सोडा. दात खोल रुतला असेल तर कडा हलक्या हातानं उघडून पाणी आत जाऊ द्या. ब्रशनं किंवा काथ्यानं घासू नका. त्यानं नवे ओरखडे पडतात आणि विषाणूला आत जायला आणखी वाटा मिळतात. डोळ्यात लाळ उडाली असेल तर साबण नको, नुसत्या स्वच्छ पाण्यानं तेवढाच वेळ डोळा धुवा. रक्ताची धार लागली असेल तर आधी स्वच्छ कापडानं दाबून ती थांबवा, मग धुवा.

पंधरा मिनिटं घड्याळ लावून मोजा. घाबरलेल्या घरात दोन मिनिटंही फार वाटतात, आणि बहुतेक जखमा तेवढ्यावरच आटोपल्या जातात. चावून काही तास झाले असतील, रात्र उलटली असेल, तरीही धुवायचीच. धुतल्यावर पोव्हिडोन आयोडीन किंवा स्पिरिट लावा आणि जखम उघडी ठेवा.

मिरचीपूड, चुना, तंबाखू, हळद, कॉफी पावडर, रॉकेल, झाडपाल्याचा लेप यातलं काही लावू नका. मिरचीनं आग होते म्हणून विष जळतं, असं म्हातारी माणसं मनापासून सांगतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण मिरची किंवा चुन्यानं कातडी सोलवटते, विषाणू मज्जातंतूंच्या टोकांपर्यंत लवकर पोचतो, आणि पुढे सीरम (जखमेतला विषाणू अडवणारं औषध) टोचायच्या वेळी जखम नीट दिसतही नाही. गंडा बांधून घ्यायचा असेल तर तो दवाखान्यातून आल्यावर बांधा. आधी दवाखाना.

ही जखम गंभीर आहे का?

फसगत सर्वात जास्त इथे होते. रक्त आलं नाही म्हणजे काही झालं नाही, असं धरून माणसं घरी बसतात. डॉक्टर जखमेच्या तीन श्रेणी मानतात.

पहिली श्रेणी: जनावराला हात लावला, खाऊ घातलं, किंवा त्यानं धड कातडी चाटली. धुऊन टाका, लस लागत नाही. दुसरी: उघड्या कातडीवर दात नुसते घासले, किंवा रक्त न येता बारीक ओरखडा उठला. इथे लस लागते. तिसरी: कातडी फाटली, रक्त आलं, एकच दात रुतला तरी, किंवा जुन्या जखमेवर, भेगेवर, ओठावर, डोळ्यावर लाळ लागली. इथे लसही लागते आणि सीरमही. रानटी जनावराचा चावा कसाही असला तरी तो तिसऱ्या श्रेणीतच धरतात.

कातडी फुटली की नाही हे कळत नसेल तर धुऊन झाल्यावर स्पिरिटचा बोळा टेकवा. झोंबलं तर फुटली आहे. पँटवरून किंवा स्वेटरवरून चावलं असेल तर कपडा उतरवून उजेडात बघा. कापड धड राहून आतली कातडी फाटलेली असू शकते. नखांचं लोकांना आश्चर्य वाटतं, पण कुत्री-मांजरं पंजे चाटतात, त्यामुळे नखांवर लाळ असते. नखाच्या ओरखड्याला दाताइतकंच मानायचं.

चेहरा, मान, डोकं, हाताची बोटं आणि गुप्तांग इथल्या जखमा सर्वात घाईच्या. तिथे मज्जातंतूंचं जाळं दाट असतं, आणि डोक्याजवळच्या जखमेतून मेंदूपर्यंतचा प्रवासही छोटा. लहान मुलांचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतो, म्हणून त्यांना अशा जखमा जास्त होतात. मुलं मार बसेल म्हणून सांगत नाहीत, हेही लक्षात ठेवा. दिवाळीनंतर गल्लीबोळांत कुत्र्यांची पिलं दिसू लागतात आणि मुलं ती उचलून घरी आणतात. पिलू गोड असलं तरी त्याला लस टोचलेली नसते, आणि पिलाच्या दातांतूनही रेबीज येतो. या दिवसांत मुलांचे हातपाय आंघोळीच्या वेळी बघत जा, आणि 'खरं सांग, रागावणार नाही' असं म्हणून विचारा. मग खरंच रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी मुलं सांगणार नाहीत.

रेबीज फक्त सस्तन प्राण्यांतून होतो. पाल, साप, कोंबडी, पक्षी यांचा इथे संबंध नाही. घरातला उंदीर किंवा खार चावली तर सहसा रेबीजची लस लागत नाही, तरी जखम धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. माकड, मुंगूस, कोल्हा, लांडगा यांचा चावा मात्र रेबीजचा धरूनच चालायचं. नान्नजकडच्या माळरानावर लांडगे आणि कोल्हे आहेत. एरवी ते माणसापासून लांब राहतात. दिवसाढवळ्या वाड्यावर किंवा मेंढरांत घुसून माणसांवर धावणारा लांडगा पिसाळलेला असण्याची शक्यता मोठी, आणि त्याच्या जखमा बहुधा डोक्यावर-चेहऱ्यावर, खोल असतात. तिथून थेट मोठ्या रुग्णालयात जायचं.

लस वेगळी, सीरम वेगळं

या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ही राहावी. 'इंजेक्शन घेतलं' हे उत्तर अपुरं आहे. कोणतं घेतलं?

चावल्यावर विषाणू जखमेजवळच्या स्नायूत काही काळ राहतो, मग मज्जातंतूच्या टोकातून आत शिरतो आणि हळूहळू मेंदूकडे सरकतो. बहुतेकांमध्ये लक्षणं एक ते तीन महिन्यांत दिसतात. कधी आठवड्याभरात, कधी वर्षानंतरही. लस शरीराला स्वतःची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला निकामी करणारे घटक, तयार करायला लावते, पण त्याला एक-दोन आठवडे लागतात. त्या मधल्या काळात जखमेत राहिलेल्या विषाणूला अडवणारं दुसरं काहीच नसतं. ते काम सीरम करतं. सीरम म्हणजे तयार प्रतिपिंडं, ती थेट जखमेत आणि जखमेच्या कडेनं टोचतात. दंडात लस मिळाली, पण पिंडरीवरच्या खोल जखमेत सीरम गेलंच नाही, तर उपचार अर्धाच झाला. लस सुरू करूनही माणूस दगावतो, तेव्हा बहुधा हेच राहिलेलं असतं: जखम धुतलेली नसते, सीरम दिलेलं नसतं, किंवा अनेक जखमांपैकी एखादी सुटलेली असते.

म्हणून आपल्या सगळ्या जखमा डॉक्टरांना दाखवा, केसांतली, कानामागचीही. एकही जखम सीरमशिवाय राहू नये. जखमा पुष्कळ असतील तर डॉक्टर सीरम सलाइनमध्ये पातळ करून सगळीकडे पुरवतात. बोटाच्या टोकाशी जागा कमी असते, तिथे ते सावकाश आणि थोडंच टोचतात. दुखतं. मुलाला धरून ठेवावं लागतं. दुखतंय म्हणून नको म्हणू नका.

सीरमचं प्रमाण वजनावर ठरतं. घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं असेल तर किलोमागे 40 युनिट, माणसाच्या रक्तापासूनचं असेल तर किलोमागे 20 युनिट. घोड्याच्या सीरममध्ये सहसा 1 मिलिलिटरमध्ये 300 युनिट असतात. म्हणजे 20 किलोच्या मुलाला 800 युनिट, साधारण 2.7 मिलिलिटर, 60 किलोच्या माणसाला 2400 युनिट, म्हणजे 8 मिलिलिटर. 5 मिलिलिटरच्या एका कुपीत मोठ्या माणसाचं भागत नाही. वजन न करता अंदाजानं सीरम देत असतील तर नम्रपणे म्हणा, 'डॉक्टर, आधी वजन करून घेऊ या.' आता प्रयोगशाळेत तयार केलेली मोनोक्लोनल प्रतिपिंडंही मिळतात. त्यातलं एक पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं आहे. त्यांचा हिशेब वेगळा असतो आणि तो कुपीसोबतच्या कागदावर लिहिलेला असतो.

सीरम पहिल्याच दिवशी घ्यायचं. काही कारणानं राहिलं, तर लसीच्या पहिल्या डोसापासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं. त्यानंतर उपयोग नाही, कारण तोवर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं तयार होऊ लागतात. घोड्याच्या सीरमची क्वचित ॲलर्जी येते. म्हणून टोचल्यावर निदान अर्धा तास दवाखान्यातच बसा. लगेच गाडीवर टांग मारू नका.

कुठे जायचं

सोलापूर शहरात सिव्हिल, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. तिसऱ्या श्रेणीची जखम असेल तर इकडेतिकडे चकरा न मारता सरळ इथे या. खेडेगावात जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. निघण्याआधी आशाताईंना किंवा केंद्रात फोन करून दोन प्रश्न विचारा: लस आहे का, आणि सीरम आहे का. फक्त लस असेल तर पहिला डोस तिथेच घ्या आणि त्याच दिवशी सीरमसाठी मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मागा. पोटात चौदा इंजेक्शनं हा प्रकार 2005 पासून देशात बंद आहे. तरी ती भीती अजून गेलेली नाही आणि तिच्यापायी आजही कुणी ना कुणी दवाखाना टाळतं.

डॉक्टरांना सांगा: कधी चावलं, कोणतं जनावर, पाळीव की मोकाट, डिवचल्यावर चावलं की उगाच, जखमा किती, याआधी रेबीजची लस घेतली आहे का. एचआयव्ही, कॅन्सरचे उपचार, स्टेरॉइडच्या गोळ्या असं काही चालू असेल तर लपवू नका. अशा माणसांना दुसऱ्या श्रेणीतही सीरम द्यावं लागतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनाही लस आणि सीरम दोन्ही चालतात. गर्भाला अपाय होईल म्हणून सासर-माहेरच्या कुणी थांबवलं तर ऐकू नका. धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारून घ्या. मात्र टीटी घेतलं म्हणजे रेबीजचं झालं, असं नाही.

टाके शक्यतो घालत नाहीत. घालावेच लागले, तर आधी सीरम, काही तास थांबून मग सैल टाके. चेहऱ्यावरची जखम घाईघाईत शिवून घेऊ नका.

तारखांचा हिशेब

सरकारी दवाखान्यात लस बहुधा कातडीत देतात: 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी, दरवेळी दोन्ही दंडांत प्रत्येकी 0.1 मिलिलिटर. सुई नीट कातडीतच गेली असेल तर संत्र्याच्या सालीसारखा छोटा फुगवटा दिसतो. फुगवटा आला नाही तर सुई खोल गेली आहे. तिथेच सांगा, डोस पुन्हा देतात. खासगी दवाखान्यात स्नायूत देतात: 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी, दरवेळी पूर्ण कुपी. मूल असो की मोठा माणूस, लसीचा डोस तेवढाच; वजनाचा हिशेब फक्त सीरमला. दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला. कुल्ल्यावर कधीच नाही. तिथे चरबीत लस अडकून पुरेसा परिणाम होत नाही. कुणी तिथे टोचू लागलं तर थांबवा.

शून्य दिवस म्हणजे पहिल्या डोसाचा दिवस, चावल्याचा नव्हे. पहिला डोस सोमवारी झाला तर दुसरा गुरुवारी, तिसरा पुढच्या सोमवारी, आणि 28 वा दिवसही सोमवारच. पहिला डोस गुरुवारी असेल तर तिसरा दिवस रविवार येतो, ओपीडी बंद. तेव्हा डोस कुठे मिळेल हे पहिल्याच दिवशी विचारून केसपेपरवर लिहून घ्या. एक-दोन दिवस चुकलेच तर जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर जा. डॉक्टर पुढचे डोस तिथूनच धरतात, पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. चुकलं म्हणून लाजून सोडून देणं हेच घातक.

ऊसतोडीला गेलेली माणसं आणि वारीत चालणारी माणसं इथे जास्त अडकतात. पहिला डोस माळशिरसला, तिसऱ्या दिवशी मुक्काम भलतीकडे. केसपेपरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा; तो दाखवून दुसऱ्या सरकारी दवाखान्यात पुढचा डोस घेता येतो. मुकादमाला आणि दिंडीप्रमुखाला तारखा सांगून ठेवा, म्हणजे आठवण करायला दुसरं कुणी असेल.

मेडिकलमधून लस विकत आणायला सांगितलं तर एका वेळी एकच कुपी आणा, तीही थंड डब्यात, आणि सरळ दवाखान्यात न्या. ती 2 ते 8 अंशांत राहायला हवी. मे महिन्यातल्या सोलापूरच्या उन्हात डिकीत ठेवलेल्या लसीचा काही भरवसा नाही.

पथ्य काही नाही. अंडं, मटण, वांगं, भात सगळं चालतं, आंघोळही. दंड दुखेल, खाज येईल, एखाद्या दिवशी ताप येईल; त्यासाठी पुढचे डोस सोडू नका.

त्या कुत्र्याचं काय करायचं

मारू नका. पाळीव किंवा ओळखीचं असेल तर दहा दिवस नजर ठेवा. चावतेवेळी कुत्र्याच्या किंवा मांजराच्या लाळेत रेबीज असेल, तर ते दहा दिवसांत आजारी पडून मरतं. मारून टाकलं तर हे कळायचा मार्गच संपतो. पण उपचार त्या दहा दिवसांसाठी थांबवायचे नाहीत. ते पहिल्या दिवशीच सुरू होतात. दहाव्या दिवशीही जनावर ठणठणीत असेल तर पुढचे डोस कमी करायचे का, हे डॉक्टर ठरवतील. दहा दिवसांचा हा नियम फक्त कुत्रा आणि मांजर यांनाच लागू आहे. मालक म्हणाला 'आमच्या टॉमीला लस दिलीय', तरी तुमचे उपचार चालूच ठेवा.

आवाज बदललेला, जबडा लोंबलेला, लाळ गळतेय, उगाच दिसेल त्याला चावत सुटलंय किंवा उलट अंधारात कोपऱ्यात पडून आहे: असं कुत्रं दिसलं तर जवळ न जाता महानगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला कळवा आणि गल्लीतल्या मुलांना घरात घ्या.

गोठ्यातला एक धोका कमी लोकांना माहीत असतो. गाय-म्हैस अचानक खाणं सोडते, लाळ गाळते, घोगऱ्या आवाजात हंबरते, आणि घरातला माणूस 'घशात काहीतरी अडकलंय' म्हणून तिच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालतो. जनावर पिसाळलेलं असेल तर हाताच्या प्रत्येक चिरेतून लाळ आत जाते. हात घालायच्या आधी पशुवैद्यकीय दवाखान्यातून डॉक्टर बोलवा. हात घालून झाला असेल तर धुवा आणि आजच लस सुरू करा. कुत्रं गुरांना चावलं तर त्यांचीही जखम साबणानं धुवा आणि पशुवैद्याकडून लस द्या. अशा जनावराचं दूध आधी प्यायलो म्हणून कधी कधी अख्खी आळी दवाखान्यात धावते. उकळलेल्या दुधातून रेबीज होत नाही. कच्चं प्यायलात तर डॉक्टरांना विचारा. धार काढणाऱ्याच्या हाताला लाळ लागली होती का, हे मात्र आधी बघा.

उशीर झाला असेल तर

आठवडा झाला, महिना झाला, तरी लस घ्यायला जा. लक्षणं नसतील तोवर उशीर झालेला नाही. लक्षणं दिसू लागल्यावर मात्र उपचारांना जवळजवळ कधीच यश येत नाही. जुन्या जखमेच्या जागी मुंग्या, खाज किंवा आग, ताप, बेचैनी, मग पाणी गिळताना घशाला आचके, वाऱ्याच्या झुळकेनं दचकणं. काहींना नुसतेच हातपाय लुळे पडत जातात. असं काही दिसलं तर 108 ला फोन करा आणि चावल्याचं ठळकपणे सांगा. सोबतच्या माणसांनी त्या माणसाची लाळ डोळ्यांत, तोंडात, जखमेवर लागू देऊ नये. लागली असेल तर त्यांनीही लस घ्यावी.

सगळे डोस झाले की केसपेपर आधार कार्डाशेजारी ठेवा. पुढे पुन्हा कुत्रं चावलं आणि हा कागद दाखवता आला, तर सीरम लागत नाही आणि 0 व 3 या दिवशी दोनच डोस लागतात. जखम मात्र तेव्हाही पंधरा मिनिटं धुवायची.